कॅलेंडरवरचं पाणी

साताऱ्यात पाणी सोडायचं काम करतो मी. व्हॉल्व्हमन. 14 वर्षं झाली, पहाटे साडेचारला लोखंडी चावी सायकलला बांधून निघायचं ते सगळ्या लाइनी सोडून बंद करून नऊला घरी. मागच्या उन्हाळ्यात ऑफिसातून सांगितलं की आज सर्वे आहे, पाणीपुरवठ्याबद्दल लोकांचं मत घ्यायचंय, एक मुलगी टॅब घेऊन येतीय, तिच्याबरोबर फिर, घरं तुला माहितीयत. म्हणलं चला.

पेठेचं नाव लिहीत नाही. चढाची आहे एवढं सांगतो, डोंगराच्या अंगाला.

खालच्या अंगाला सुरुवात केली तर सगळे खूश. एक रिटायर्ड गुरुजी म्हणाले, पाचपैकी पाच लिही बाळ, कास तलावाचं पाणी आहे, उताराने येतं, लाइट गेली तरी नळ चालू, नदीवरून पंपाने पाणी येतं त्या भागातल्यांना विचार मग कळेल. खरंच आहे ते. वीज गेली की पंपाच्या योजना बसतात, कासला पंप लागत नाही. मला आपलं बरं वाटलं, कुणीतरी चांगलं बोललं की पहाटेची थंडी वसूल होते.

मधल्या भागात एका ताईंनी अडवलं. लहान बाळ होतं कडेवर. पहिली पाच मिनिटं गढूळ येतं, हे लिहा म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. आपल्याकडं पाणी चोवीस तास नसतं, पाणी बंद झालं की पाइप मोकळा पडतो आणि कुठं जॉइंट गळका असला तर बाहेरची घाण आत ओढून घेतो, ती दुसऱ्या दिवशी आधी बाहेर येते. मी सांगितलं पहिलं पाणी पिऊ नका, झाडाला घाला. त्या म्हणाल्या, ते करतोच ओ दादा, पण ते तुम्ही बंद करायचं की आम्ही?

उत्तर नव्हतं माझ्याकडं.

आणि मग वरची गल्ली. पहिल्याच दारात एक जण म्हणला, शून्य आहे का तुमच्या टॅबमधे, एकपासूनच सुरू होतंय हे. पाणीपट्टी सारखीच घेता ना खालच्यांची आणि आमची? मी सांगायला लागलो की खाली लोक नळाला डायरेक्ट मोटार लावतात, आणि 10 मीटर चढ असला की एक किलो प्रेशर तिथंच जातं, तर तो म्हणला हे मला नको सांगू, तू माझ्या नळाखाली कळशी ठेवून बघ. चिडून नव्हता बोलत, थकला होता तो माणूस.

गल्लीच्या शेवटच्या घरात आक्का एकट्याच राहतात, पंचाहत्तरीच्या असतील. पोरीनं विचारलं, आजी, पाण्याबद्दल समाधानी आहात का? त्या काही बोलल्याच नाहीत. आत गेल्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून आणलं. दुधाचा हिशोब लिहितात ना तसं प्रत्येक चौकोनात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं, पाणी कधी आलं, कधी गेलं, किती घागरी भरल्या. 6.10 ते 6.50, 7 घागरी. 6.15 ते 6.50, 7. असं जानेवारीभर. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून 4. मग 3. कुठं नुसती रेघ.

माझ्या खिशात माझी वही होती. रोज साडेपाचला चालू, सात वाजता बंद, एकही खाडा नाही. माझी वही खोटी नव्हती आणि आक्कांचं कॅलेंडरही खोटं नव्हतं, आणि त्या दारात उभं राहून मला एवढं वाईट वाटलं की काय सांगू. मी खालच्या चौकात चावी फिरवून निघून जातो, वरच्या टोकाला काय पोचतंय ते बघायला तीन महिन्यात गेलोच नव्हतो.

आक्का एवढंच म्हणाल्या, कमी सोड बाबा, पण कधी येणार ते सांग, मी तीनपासून जागी असते.

टॅबमधे याला रकानाच नव्हता. पोरीनं शेवटी 'इतर' मधे सगळं टाइप केलं.

घरी जाताना डोक्यात तो फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. मग आठवलं, त्याच आठवड्यात गल्लीच्या तोंडाशी लिकेज काढलं होतं आणि पाठोपाठ रस्त्यावर डांबर पडलं. तिथं वरच्या गल्लीचा वेगळा व्हॉल्व्ह आहे, रोज हात न लागणारा. दुरुस्तीला बंद केलेला तो पूर्ण उघडायचा राहिला असणार आणि त्याचा चेंबर, म्हणजे व्हॉल्व्हचा झाकणाचा खड्डा, गेला डांबराखाली. साहेबांना कॅलेंडरचा फोटो दाखवला. नवीन रस्ता फोडायचा म्हणून परवानगीला 11 दिवस गेले, त्या अकरा दिवसांचा मला आजही राग येतो.

चेंबर उघडला, चावी बसवली, दांड्याला कान लावला. अर्धवट उघडा व्हॉल्व्ह शिट्टीसारखा आवाज करतो. तो करत होता. एकेक फेरा देत गेलो तसा आवाज जाड होत होत बंदच झाला, नुसतं पाणी वाहतंय असं हाताला कळायला लागलं.

दुसऱ्या दिवशी 6 घागरी. सातवी अजून भरत नाही, खालच्या मोटारी आहेतच.

आता उशीर होणार असला की गल्लीच्या ग्रुपवर आदल्या रात्री मेसेज टाकतो. आक्कांकडं मोबाइल नाही, त्यांना जाता जाता दारातून सांगून येतो.