काचेच्या नळीतली वीस मिनिटं

१४ नोव्हेंबर, पहाटे साडेचार

आत्ताच साप चावलेल्या पेशंटचं रक्त दुसऱ्यांदा तपासलं. झोप काही येणार नाही, म्हणून लिहितेय.

काल रात्री आंब्याच्या कलमांतल्या या राखणदाराला रिक्षातून आणलं. नेपाळहून येऊन चारच दिवस झालेले. दिवाळीच्या सुमारास अशी कुटुंबं बागा राखायला येतात, ती आंबा संपेपर्यंत इथेच. चावून तीन तास झाले होते, कारण मालक येईपर्यंत गाडी मिळाली नव्हती. पायाला सुतळी करकचून बांधलेली, घोटा सुजलेला, हिरड्यांतून रक्त. त्याचं हिंदी मोडकं, बायकोचं तेवढंही नाही. ती एकच शब्द पुन्हापुन्हा म्हणत होती, 'सर्प'. तेवढा आम्हा दोघींचा सारखा निघाला.

रत्नागिरीच्या कातळावर असा चावा म्हटला की आधी फुरसंच मनात येतं. त्याच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घेतलं आणि २० मिनिटं तिला हात लावला नाही. प्लॅस्टिकची नळी चालत नाही, साबणाने धुतलेलीही नाही. बायको मांडीवर पोर घेऊन नळीकडे बघत बसलेली. वेळ झाल्यावर नळी कलती केली, तर रक्त कोकमाच्या आगळासारखं ओघळलं.

सापाच्या विषावरच्या लसीच्या १० कुप्या लावल्या. पावडर विरघळवताना जोरात हलवली तर फेस होतो, म्हणून सिस्टर एकेक कुपी तळहातांत फिरवत होत्या. लसीची रिअ‍ॅक्शन आली तर म्हणून अ‍ॅड्रेनालिन भरून ठेवलं होतं, ते लागलं नाही.

केसपेपरवर पत्ता म्हणून मालकाची बाग लिहिली. तेच मनाला लागलं. आपल्याकडचं लहान पोरही दगडी गडग्यात हात घालण्याआधी काठी आपटतं, रात्री बॅटरीशिवाय परड्यात जात नाही. आई ओरडून ओरडून शिकवते. याला ते कोण सांगणार होतं? राहायला मांगर दाखवला, कलमं दाखवली आणि साध्या चपलांवर अंधारात राखणीला पाठवला. ही माणसं कधी येतात ते मला ठाऊक असतं. लसीचा साठा मी मोजून ठेवते, त्यांच्या मांगरापर्यंत मात्र कधी गेले नव्हते.

मघाची, दुसऱ्या तपासणीची नळी उलटी धरली. गुठळी तळाला घट्ट. बायकोलाही दाखवली. तिने रात्रभरात पहिल्यांदा पोराला मांडीवरून उतरवून त्याच्या बापाशेजारी निजवलं.

मालक सकाळी येईल. त्याच्याकडे दोघांसाठी गमबूट आणि चांगली बॅटरी मागायची आहे. रविवारी फुरशाचा फोटो घेऊन आसपासच्या बागांत जाणार आहे.