फी कमी होईल का, हे विचारलं आज

"माझं उत्पन्न कमी आहे, फीमध्ये काही सवलत मिळेल का?" हे वाक्य समुपदेशकाकडे फोनवर बोलायला घशात आवंढा आला होता. पलीकडून सहज उत्तर आलं, "हो, आम्ही उत्पन्न बघूनच फी ठरवतो. तुम्हाला किती झेपेल?" मला पटकन बोलताच येईना!

ही सोय अनेक समुपदेशकांकडे असते, फक्त कुणी पाटी लावत नाही. मानसशास्त्र शिकवणाऱ्या काही विद्यापीठांच्या केंद्रांतही अल्प फी असते. तिथे शिकाऊ समुपदेशक असतात, पण वर अनुभवी तज्ज्ञांची देखरेख असते. 'शिकाऊ' ऐकून माघारी फिरू नका. झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये 'फ्रेंडशिप बेंच' सुरू केलं. दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर प्रशिक्षण घेतलेल्या आज्या लोकांचं ऐकून घेतात. २०१६ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या चाचणीत सहा महिन्यांनी त्या लोकांची नैराश्य-चिंतेची लक्षणं इतरांपेक्षा कमी आढळली. माझा तर यावर पूर्ण विश्वास बसलाय.

गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना जेनेरिक, म्हणजे औषधाच्या मूळ नावाने मिळणाऱ्या स्वस्त गोळ्या, लिहून द्यायला सांगा. नैराश्यावरचं फ्लुओक्सेटिन हे औषध तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतच आहे. आणि हात आखडला म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका, प्लीज. एकदम थांबवल्या की चक्कर, अस्वस्थता, झोप उडणं असे त्रास होऊ शकतात. पैशांची अडचण डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

माझी पहिली भेट ठरली आहे. कुणाला फोन करायचा धीर होत नसेल तर मला मेसेज करा, आपण मिळून फोन लावू.