रेणू रिसेप्टरला चिकटला, पण पुढे काय झाले?

माणसाच्या जनुकसंचात न्यूक्लियर रिसेप्टरांची, म्हणजे संप्रेरकासारखा रेणू बांधला गेला की जनुकांचे काम चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांची, 48 जनुके आहेत. त्यांपैकी इस्ट्रोजेन रिसेप्टर अल्फा हा बहुधा सर्वाधिक अभ्यासला गेलेला रिसेप्टर. त्याला कोणता रेणू बांधला जातो हे पूर्वी ट्रिटियमयुक्त (किरणोत्सारी हायड्रोजन असलेले) इस्ट्राडायोल हे इस्ट्रोजेन संप्रेरक वापरून पाहत. ती पद्धत खात्रीची असली, तरी बांधलेले आणि मोकळे संप्रेरक वेगळे करणे भाग पडे, शिवाय किरणोत्सारी कचरा सांभाळावा लागे. हजारो संयुगे चाळायची असतील तर हे फारच जिकिरीचे ठरते.

फ्लुओरेसन्स ध्रुवणाची चाचणी यातून सुटका करते. इस्ट्रोजेनसारख्या रेणूला फ्लुरोसीन हा चमकणारा रंग जोडून त्यावर ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, प्रकाश टाकतात. फ्लुरोसीन प्रकाश शोषून तो सुमारे 4 नॅनोसेकंदांनी परत सोडते, आणि तेवढ्या अवधीत मोकळा, लहान रेणू गरगर फिरून आपली दिशा विसरतो, तर जवळपास 66 किलोडाल्टन वजनाच्या रिसेप्टरला बांधलेला रेणू फारसा वळत नसल्यामुळे त्याच्यापासून निघणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवण बऱ्याच अंशी टिकते. चाचणीतील संयुगाने या रेणूला हुसकावले की ध्रुवण उतरते. काहीही धुवावे वा गाळावे लागत नाही. 384 खळग्यांची प्लेट थेट वाचता येते.

मात्र संयुग स्वतःच हिरवे चमकणारे असेल, तर रिसेप्टरला स्पर्शही न करता ते ध्रुवण उतरवू शकते. उलट ते न विरघळता द्रावण गढूळ झाले, तर विखुरलेला प्रकाश ध्रुवण वाढवून खरे विस्थापन झाकतो. म्हणून ध्रुवणाच्या आकड्याशेजारी एकूण तीव्रता न छापणारा तक्ता मी गांभीर्याने घेत नाही.

त्याहून मोठी अडचण अशी की इस्ट्राडायोल आणि टॅमॉक्सिफेन या स्तनकर्करोगावरील औषधाचे सक्रिय रूप या चाचणीत सारखेच दिसतात, कारण दोन्ही एकाच कप्प्यात बसतात. फरक पडतो तो रिसेप्टरच्या बाराव्या हेलिक्समध्ये (प्रथिनाच्या मळसूत्री भागात): इस्ट्राडायोल असताना ती कप्प्यावर झाकणासारखी बसते आणि जनुक चालू करायला मदत करणाऱ्या सहसक्रियक प्रथिनांसाठी खाच तयार होते, तर टॅमॉक्सिफेन असताना ती स्वतःच त्या खाचेत जाऊन पडते, हे 1998 मधील स्फटिकरचनेने दाखवले.

हा फरक टिपण्यासाठी कालविभेदित फ्रेट (जवळ आलेल्या दोन चमकत्या घटकांमधील ऊर्जेचे हस्तांतर थोडे थांबून मोजण्याची पद्धत) वापरतात. त्यात रिसेप्टरवर टर्बियम हा चमकणारा धातू असतो आणि सहसक्रियकाच्या छोट्या पेप्टाइडवर (प्रथिनाच्या तुकड्यावर) फ्लुरोसीन; दोघे जवळ आले तरच ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे जाते. टर्बियमची चमक मिलिसेकंदांच्या पल्ल्यात टिकत असल्याने सुमारे 100 मायक्रोसेकंद थांबून मोजणी करतात, आणि तोवर संयुगांची स्वतःची अल्पजीवी चमक विझून जाते. माझ्या मते दुसरी फेरी इथेच व्हावी, आणि नुसत्या विस्थापनाला कोणी ‘क्रियाशीलता’ म्हणू नये.

अर्थात पेप्टाइड म्हणजे पेशी नव्हे. टॅमॉक्सिफेन स्तनाच्या ऊतीत इस्ट्रोजेनला विरोध करते, पण गर्भाशयाच्या अस्तरावर इस्ट्रोजेनसारखे वागते, कारण तिथले सहसक्रियक वेगळे असतात. त्यामुळे निवडलेली संयुगे वेगवेगळ्या ऊतींच्या पेशींत पुन्हा तपासावीच लागतात.