बर्फ, सम बाजू आणि सांगलीतील गल्ल्या

अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात मोठी हिमवृष्टी झाली की तेथील नगर प्रशासन ‘स्नो इमर्जन्सी’ जाहीर करते. ही घोषणा संध्याकाळी सहापर्यंत होते आणि अंमल त्याच रात्री नऊला सुरू होतो. पहिल्या रात्री नऊपासून सकाळी आठपर्यंत ठरावीक मुख्य रस्त्यांच्या दोन्ही बाजू मोकळ्या ठेवायच्या; दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते रात्री आठ निवासी रस्त्यांची सम घरक्रमांकांची बाजू मोकळी ठेवायची (तेथे रस्त्याच्या एका बाजूच्या घरांना सम आणि समोरच्या घरांना विषम क्रमांक असतात); आणि तिसऱ्या दिवशी त्याच वेळेत विषम क्रमांकांची. वेळ संपण्यापूर्वीच एखाद्या रस्त्यावरचा बर्फ कडेपर्यंत पूर्ण साफ झाला असेल, तर तेथे पुन्हा गाडी लावण्यास मुभा असते. माझी पुतणी त्या शहरात राहत असल्यामुळे हे वेळापत्रक आता सांगलीत बसून मलाही पाठ झाले आहे, आणि हिवाळा आला की तिच्या फोनवर थंडीपेक्षा गाडी आज कोणत्या बाजूला हलवायची याचीच चर्चा अधिक चालते.

एवढा खटाटोप कशासाठी, हे बर्फ न पाहिलेल्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. बर्फ सारणाऱ्या ट्रकच्या पुढे मोठे तिरके पाते असते आणि ते बर्फ रस्त्याच्या कडेला ढकलते. कडेला गाड्या उभ्या असतील तर ट्रक मधूनच वाट काढतो, सारलेला बर्फ त्या गाड्यांच्या अंगावर जातो, दिवसा थोडा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि त्याचा दगडासारखा कठीण बांध तयार होतो. पुढच्या हिमवृष्टीत दुसरा थर त्याला येऊन मिळतो. अशा रीतीने रस्ता प्रत्येक वेळी थोडा आत सरकत जातो आणि अखेरीस अग्निशमन दलाचा बंब किंवा रुग्णवाहिका जाण्याइतकीही रुंदी उरत नाही. बर्फ वितळवायला मीठ टाकून भागेल म्हणावे, तर साधे मीठ उणे नऊ-दहा अंश सेल्सिअसच्या खाली फारसे काम करत नाही, आणि तिकडे पारा त्याच्याही बराच खाली उतरतो. म्हणूनच एखाद्या वर्षी बर्फ फार साचला, तर निवासी रस्त्यांच्या सम बाजूला १ एप्रिलपर्यंत गाडी लावण्यास सरसकट बंदी घालण्याची तरतूदही तेथे आहे.

शिकागोची रीत निराळी. तेथे १ डिसेंबरपासून १ एप्रिलपर्यंत सुमारे १०७ मैल मुख्य रस्त्यांवर पहाटे तीन ते सात या वेळेत गाडी उभी करता येत नाही, मग बर्फ पडो अथवा न पडो. त्याच शहरातील निवासी गल्ल्यांत मात्र लोक स्वतः फावड्याने बर्फ उपसून मोकळी केलेली जागा राखण्यासाठी रस्त्यावर जुनी खुर्ची मांडून ठेवतात. हे ऐकल्यावर मला परकेपणा अजिबात वाटला नाही, कारण सांगलीतल्या आमच्या विश्रामबाग भागात फाटकासमोर कुंडी, दगड किंवा सिमेंट भरलेला रंगाचा डबा ठेवून जागा राखणारे पुष्कळ आहेत. फरक इतकाच की शिकागोकर निदान फावडे तरी चालवतो.

सम तारखेला रस्त्याच्या एका आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाडी लावायला सांगणारे पी-१, पी-२ फलक आपल्यालाही नवे नाहीत. तरीही आपल्याकडे ते पाळले जात नाहीत, याचे कारण विचारले की ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ हे ठरलेले उत्तर मिळते. ते मला पटत नाही. कृष्णेची पातळी वाढू लागली की हेच लोक आयर्विन पुलाजवळचा आकडा तासातासाला विचारतात. चाळीस फूट ही इशारा पातळी आणि पंचेचाळीस फूट ही धोका पातळी, हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. कोयना धरणातून किती विसर्ग सुटला हे कळताच सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर अशा सखल भागांतील माणसे, कोणी दंडाची पावती न फाडताही, आपली वाहने उंचावरच्या रस्त्यांवर नेऊन लावतात. २०१९ च्या महापुरात पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले, तेव्हापासून तर ही दक्षता अधिकच वाढली आहे. आकडा विश्वासाचा असतो आणि त्यामागून पाणी खरोखर येते, म्हणून लोक ऐकतात.

मिनियापोलिसच्या नियमाचे बळही माझ्या मते याच गोष्टीत आहे. दंड होतो, गाडी उचलून नेली जाते आणि ती सोडवायला भरपूर पैसे मोजावे लागतात, हे सर्व खरे. परंतु गाडी हलवली की त्या मोकळ्या बाजूने ट्रक येतो, हे रहिवाशाला स्वतःच्या खिडकीतून दिसते. तक्रारी तेथेही असतात. ट्रक गेल्यावर घराच्या गाडीवाटेच्या तोंडाशी बर्फाचा ढीग पडतो आणि नुकतीच साफ केलेली वाट पुन्हा उपसावी लागते, यावर पुतणी दरवर्षी चिडते. आपल्या पी-१, पी-२ मध्ये मोकळ्या झालेल्या बाजूला काहीच घडत नाही. वाहतुकीला जागा मिळावी हा त्यामागचा हेतू योग्यच आहे, पण गल्लीत राहणाऱ्याच्या पदरात त्यातून काही पडत नाही.

वास्तविक आपल्याकडेही त्या बाजूला काम आहे. मे महिन्यात गटारांतील गाळ काढायला माणसे येतात, तेव्हा गटारांवरच्या अर्ध्या फरश्यांवर चारचाकी उभ्या असतात. मालक कामावर गेलेला असतो आणि तेवढा भाग सोडून पथक पुढे जाते. जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस झाला की पाणी नेमके त्या न काढलेल्या तुकड्यापाशी तुंबते. याऐवजी अमुक तारखेला गल्लीची एक बाजू आणि दुसऱ्या दिवशी समोरची, सकाळी आठ ते दुपारी दोन, असे दोन दिवस आधी घंटागाडीच्या भोंग्यावरून सांगितले आणि पथक त्या वेळेला हजर राहिले, तर पुरेसे आहे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, आणि निवासी गल्लीत एक बाजू सहा तास रिकामी ठेवणे कोणालाही जड जाऊ नये. ज्यांच्या गाड्या त्या दिवशी खरोखर हलणार नाहीत, अशांसाठी जवळच्या एखाद्या शाळेचे मैदान मे महिन्याच्या सुट्टीत रिकामेच असते.