आधी पाणी, मग चव : आमची वाटचाल

अक्कलकोट रोडवरच्या आमच्या शेडमध्ये आज जिथं सोया दूध उकळतं, तिथं आधी टॉवेलचे माग होते. चार माग, सगळं जॉबवर्क. सूत पार्टीचं, मजुरी आपली. सोलापुरात ज्यांनी हा धंदा केलाय त्यांना पुढचं सांगायला नको. सुताचा भाव चढला की पहिली कात्री मजुरीला लागते. दोन माग आधीच भंगारात गेले होते, उरलेले दोन 2020 च्या लॉकडाऊनमध्ये बंद पडले ते पडलेच. शेवटचा माग टेम्पोत चढवला त्या रात्री हे जेवले नाहीत. तीस वर्षं त्या खडखडाटात झोपलेल्या माणसाला शांततेत झोप लागेना.

माझं माहेर बार्शी तालुक्यातलं. भाऊ सोयाबीन करतो. भाव पडले म्हणून त्यानं पोती घरातच थांबवून धरली होती. "ताई, याचं काहीतरी करता येतं का बघ," एवढंच तो म्हणाला होता. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत सोयाबीन प्रक्रियेचं प्रशिक्षण मिळतं हे कळल्यावर आम्ही दोघंही जाऊन आलो. येताना गाडीत हे पहिल्यांदा शेडबद्दल बोलले. पाणी कुठून आणायचं, मोरी कुठं काढायची, असं सगळं. मी नुसती ऐकत होते.

शेडमध्ये आम्ही टोफू करायला लागलो, म्हणजे सोया दूध फाडून पाडलेल्या पनीरसारख्या वड्या. सुरुवातीचा टोफू उग्र वासाचा झाला. प्रशिक्षणात सांगितलेलं घरी करताना कुठंतरी चुकतंच. सोयाबीन थंड पाण्यात दळलं की दाण्यातलं एक विकर (एन्झाइम) लगेच कामाला लागतं आणि तो कच्च्या शेंगेसारखा वास तयार होतो. एकदा बसला की कितीही उकळा, जात नाही. उपाय साधा आहे. दळताना पाणी कडकडीत उकळतं घ्यायचं. आम्ही तीन आठवडे मसाल्यात आणि लिंबात उपाय शोधत बसलो, आणि तो होता दळण्यात. भिजवण्याचंही तसंच. थंडीत रात्रभर भिजवलं तरी चालतं, पण आपल्या एप्रिल-मेमध्ये सहा तासांच्या वर ठेवलं की पाण्याला फेस येतो आणि दाणा आंबतो. दूध चांगलं उकळल्यावर थोडं निवू द्यायचं, साधारण 80 अंशाला खाण्यायोग्य कॅल्शियम सल्फेट पाण्यात कालवून हळूच घालायचं, आणि मग ढवळायचं नाही. लिंबानंही फाटतं, पण वडी भुसभुशीत होते आणि आंबूसपणा राहतो. एक किलो दाण्यातून आम्हाला पावणेदोन ते दोन किलो टोफू मिळतो.

टोफू चांगला जमला, पण खपेना. नवी पेठेतल्या, जुळे सोलापुरातल्या दुकानांत ठेवून यायचो आणि चौथ्या दिवशी परत आणायचो. एक बाई मला दुकानातच म्हणाल्या, "हे कसलं पनीर ओ? चवच नाही की याला." मला ते लागलं, कारण त्या खरं बोलत होत्या. घरी आत्यांना (माझ्या सासूबाईंना) सांगितलं. त्या म्हणाल्या, "पनीर म्हणून दिलंस तर लोक त्यात पनीरच शोधणार. हे काय आहे ते आधी तू ठरव."

मग वर्षभर तेच केलं. रोज संध्याकाळी एक वडी बाजूला काढायची आणि तिला चव लावून बघायची. पहिल्यांदा पनीर टिक्क्यासारखं भरपूर तेल आणि मसाला. रात्रभर मुरवला, सकाळी कापून बघितलं तर बाहेर तिखट आणि आत पांढराफटक. विचार केल्यावर कळलं की टोफू आतून पाण्यानं भरलेला असतो, तेल त्यात शिरणार कसं? मुरवणाचं पाणी पातळ आणि खारट हवं, तेल शेवटी. आणि त्याआधी आतलं पाणी निघायला हवं. वडी पातळ सुती कापडात गुंडाळून वर खलबत्ता ठेवा, अर्धा तास. किंवा तुकडे करून मिठाच्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. गरम पाण्यात ठेवून कोरडं कसं होईल, असं वाटतं, पण बाहेर काढल्यावर वरचा भाग लवकर सुकतो आणि मीठ आत गेलेलं असतं. तिसरी रीत फ्रीझरची. गोठवून सोडवलेला टोफू स्पंजासारखा जाळीदार होतो आणि मुरवण भराभर पितो. तो जरा चिवट लागतो, मला आवडतो, आमच्या घरात बाकी कुणाला नाही.

खरी गोष्ट कळली ती शेजारच्या अक्कांच्या स्वयंपाकघरात. त्यांचं घर पद्मशाली, सणाला पुळिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, होतोच. वाफाळत्या भातावर त्या चिंचेचा कोळ ओतत होत्या. मी विचारलं, भात निवू द्यायचा नाही का? म्हणाल्या, "गार भात चव घेत नाही गं." मी तशीच घरी आले. त्या दिवशी टोफू आधी भाजला आणि भट्टीतून काढल्या काढल्या गरम तुकडे मुरवणात टाकले. गरम तुकड्यातली वाफ बाहेर पडते, आणि तो निवताना भोवतालचा रस आत ओढून घेतो. अर्ध्या तासानं कापला तर रंग मधोमध पोचलेला. रात्रभर मुरवून जे झालं नव्हतं ते अर्ध्या तासात झालं. अक्कांना पहिली ताटली नेऊन दिली.

घरी करायचं असेल तर पाव किलो टोफू घ्या. बोटभर लांब, अर्ध्या बोटाच्या जाडीचे तुकडे करा. मिठाच्या पाण्यातून काढून पुसा, हलका तेलाचा हात लावा आणि 200 अंशाच्या ओव्हनमध्ये पंचवीस मिनिटं भाजा, मध्ये एकदा उलटा. ओव्हन नसेल तर बिडाचा तवा, मंद आच, चारही बाजू. तोवर दोन चमचे चिंचेचा कोळ, एक चमचा गूळ, दोन छोटे चमचे सोया सॉस, सहा-सात पाकळ्या लसूण, जिरं, लाल तिखट हे सगळं अर्धी वाटी पाण्यात कालवून ठेवा. गरम तुकडे त्यात बुडवा. निवले की निथळा, वर शेंगांची चटणी चोळा आणि पुन्हा आठ-दहा मिनिटं भाजा. चटणी सुरुवातीपासून लावू नका, शेंगा करपतात आणि कडू होतात. गूळही जास्त घातला तर तेच होतं. चटणी कुटलेली हवी. मिक्सरची पूड तुकड्यावर चिखलासारखी बसते, कुटलेलीला तेल सुटलेलं असतं आणि ती धरून राहते.

ही चव घेऊन आम्ही गड्ड्यावर गेलो. गड्डा म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वरांची यात्रा, होम मैदानावर पाय ठेवायला जागा नसते. ओळखीच्या एका ताईंचा भाकरी-चटणीचा स्टॉल होता, त्यांनी टेबलाचा कोपरा दिला. कडक भाकरीच्या तुकड्यावर भाजलेला टोफू, वर चिरलेला कांदा. पहिल्या दिवशी चार किलो नेला होता, संध्याकाळी सातला संपला. हे स्कूटरवर शेडला जाऊन उद्याचा माल घेऊन आले, तोही गेला. कुणी पनीर आहे का विचारलं नाही. "हे काय आहे ओ, अजून द्या," एवढंच. त्या रात्री यांना शांत झोप लागली.

नंतरचा मे मात्र कठीण गेला. एका हॉटेलची अठरा किलोची ऑर्डर होती. दुपारी वीज गेली, फ्रीज बंद, बाहेर 43 अंश. संध्याकाळी माल हाताला बुळबुळीत लागला. सगळा टाकला आणि हॉटेलला फोन करून खरं सांगितलं. त्यांनी पुन्हा ऑर्डर दिली नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तेव्हापासून बर्फाच्या पेट्या कायम भरलेल्या असतात, आणि लॅबच्या अहवालात जितके दिवस आहेत त्याहून एक दिवसही जास्त पाकिटावर छापत नाही.

आज आमच्याकडे तीन बायका काम करतात, तिघींच्याही घरी पूर्वी विड्या वळायच्या. भावाचं सोयाबीन आम्ही हमीभावाच्या खाली कधी घेतलं नाही. 2024-25 ला हमीभाव 4892 रुपये क्विंटल होता आणि बाजारात त्याच्या बराच खाली व्यवहार होत होते. बाहेरून घेतलं असतं तर स्वस्त पडलं असतं, हे हिशेबाच्या वहीत स्पष्ट दिसतं. पण दाणा निवडलेला, एकसारखा, या वर्षीचाच मिळतो. जुन्या दाण्याचं दूध नीट जमत नाही, टोफू कमी पडतो. त्यामुळे तो फरक मी तोटा मानत नाही.

गिऱ्हाइकं फोन करून घरी कसं करायचं विचारतात. मी वर दिलं तसंच सगळं सांगते. यांना सुरुवातीला ते पटत नव्हतं. पण घरी करून बघितलेलं माणूस साधा टोफू आमच्याकडूनच नेतं, आणि पाहुणे आले की भाजलेला नेतं.

सध्या अडकलोय ते चोथ्यापाशी. दूध गाळल्यावर जेवढं सोयाबीन घेतलं त्याहून जास्त ओला चोथा उरतो. निम्मा गोठेवाले नेतात. उरलेला वाळवून थालीपिठाच्या भाजणीत घालायचा प्रयत्न चालू आहे. दोनदा वाळायच्या आत आंबला. आता अक्कांच्या गच्चीवर पातळ थर देऊन बघतोय, आत्या सकाळपासून राखणीला बसल्यात.