टाकीवरचा भोंगा

आमच्या गच्चीवर ५०० लिटरची काळी टाकी आहे आणि ती भरल्याची वर्दी अनेक वर्षे ओव्हरफ्लोच्या पाइपातून गल्लीत पडणारे पाणीच देत असे. ते पडू लागले की खालच्या मजल्यावरच्या काकू हाक मारत आणि घरातला जो कोणी मोकळा असेल तो मोटर बंद करायला धावे. बाजारात यावर तयार उपाय मिळतो, हे मला तेव्हाही ठाऊक होते. पण ज्या गोष्टीत तीन तारा आणि एक भोंगा एवढाच ऐवज आहे, तिच्यासाठी पैसे मोजणे मला कमीपणाचे वाटले, आणि तिथूनच माझ्या खर्चाला सुरुवात झाली.

पहिला आराखडा सोपा होता. टाकीत पाव, अर्धी आणि पूर्ण अशा तीन उंचींवर तांब्याच्या तारा सोडायच्या, चौथी तार तळापर्यंत न्यायची आणि तिला जुन्या मोबाइल चार्जरचे ५ व्होल्ट द्यायचे. नळाच्या पाण्यात क्षार असल्यामुळे त्यातून अगदी क्षीण प्रवाह वाहतो. ‘बीसी ५४७’ ट्रान्झिस्टरच्या एका पायाला, म्हणजे बेसला, तेवढाही पुरतो आणि तो एलईडी पेटवण्याइतका मोठा प्रवाह मोकळा करतो. दोन-तीन रुपयांचा हा तीन पायांचा जीव इतके काम करतो याचे मला आजही नवल वाटते.

सोल्डरिंग मात्र हाताला लवकर बसेना. कथील आणि शिसे यांची ६०-४० मिश्रणाची तार साधारण १९० अंश सेल्सिअसला वितळते, परंतु नुसती तार वितळवून उपयोग नसतो, आधी जोड तापावा लागतो. नाहीतर कथलाचा निस्तेज गोळा वर बसून राहतो आणि दोन दिवसांनी हलका धक्का लागताच सुटतो. गुजरीत सोनार दागिन्याला डाग देतो तेव्हा आपण शेजारी बसून गप्पा मारत असतो, म्हणून ते काम सोपे वाटते, एवढेच.

तिन्ही दिवे लागले त्या संध्याकाळी मी घरातल्या प्रत्येकाला स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी उभे करून ते दाखवले. तीन महिन्यांनी ते मिणमिणू लागले. झाकण उघडून पाहिले तर तळाची तार सुतासारखी बारीक झालेली आणि तिच्यावर हिरवट थर. टाकीत पाणी असेपर्यंत दिवसरात्र एकाच दिशेने प्रवाह वाहत होता, त्यामुळे धन टोकाचे तांबे विरघळून पाण्यात उतरत होते. ‘म्हणजे आम्ही इतके दिवस तुझी तार प्यालो,’ असे आई म्हणाली. यावर उत्तर नव्हते.

मग मी आर्डुइनोकडे वळलो. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया गावी विद्यार्थ्यांसाठी जन्मलेली ही छोट्या संगणकासारखी पाटी आता कोल्हापुरातही सहज मिळते. तिला ध्वनिलहरींचा सेन्सर जोडला. तो ४० किलोहर्ट्झचा, म्हणजे आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी किती वेळाने परतला ते मोजतो. पाणी १ मीटर खाली असेल तर हा प्रवास सुमारे ५८०० मायक्रोसेकंदांचा, आणि त्याला ५८ ने भागले की सेंटिमीटर हाती येतात. हे गणित मला फार आवडले. टाकीच्या झाकणाखाली वाफ साचते, ती सेन्सरवर थेंब होऊन बसते, आणि मग १ मीटरच्या टाकीत पाणी ४ मीटर खोल असल्याचे तो ठामपणे सांगतो, हा भाग त्या गणितात नव्हता.

अखेर फ्लोट स्विच आणला. त्याच्या तरंगत्या गोळ्यात चुंबक असते आणि मधल्या दांड्यात काचेच्या नळीतली दोन पातळ पाती. गोळा वर आला की पाती चिकटतात आणि मंडल पूर्ण होते. प्रवाह पाण्याला शिवतच नाही. हा स्विच टाकीत बसवण्यासाठी स्टेनलेस स्टीलची पट्टी वाकवून आणि भोक पाडून हवी होती, म्हणून कारखान्यांच्या उद्यमनगरात गेलो. बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये स्वतःचा सिनेमा कॅमेरा घडवला त्या गावात पट्टीला भोक पाडण्यासाठी दुसऱ्याकडे जावे लागते, याची थोडी लाज वाटत होती. तिथल्या मिस्त्रींनी माझी सगळी हकिगत लेथ न थांबवता ऐकली आणि विचारले, ‘एवढंच करायचं हुतं तर पयल्यांदाच का न्हाई आलासा?’

आता भिंतीवर बॅटरी, भोंगा आणि एक बटण एवढेच आहे. ट्रान्झिस्टर नाही, पाटी नाही, गणितही नाही. मागच्या आठवड्यात मी बॅटरी बदलायला म्हणून भोंगा उतरवला आणि तो दोन दिवस टेबलावर तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी काकू जिना चढून वर आल्या. आमचा भोंगा ऐकून त्या आपलीही मोटर बंद करतात, हे मला तेव्हा कळले. ‘तुमचं वाजलं न्हाई,’ त्या रागाने म्हणाल्या, ‘आमची टाकी व्हायली की!’