तुम्ही विचारलंत म्हणून: विनोबांनी पैसा सोडला म्हणजे नेमकं काय केलं?

दर हिवाळ्यात मी दोन दिवस वर्ध्याजवळ पवनारला, विनोबा भाव्यांच्या आश्रमात जाऊन येते आणि परत आले की ऑफिसात कुणी ना कुणी विचारतंच, अहो तुम्ही अकाउंट्सवाल्या, दिवसभर पैशातच असता, मग पैसा सोडलेल्या माणसाचं तुम्हाला एवढं काय, आणि पैसा सोडून कुणाचं चालतं का? डबा खाताना घाईघाईत काहीतरी सांगते पण ते अर्धवटच राहतं, म्हणून आज लिहूनच काढलं.

मला वाटतं याची सुरुवात त्यांच्या आईच्या स्वयंपाकघरात आहे. विनोबांचा जन्म 1895 चा, पेणजवळच्या गागोद्याचा. घरात फणस पिकला की रुक्मिणीबाई आधी गरे शेजारीपाजारी वाटायला छोट्या विन्याला, म्हणजे विनोबांना, पिटाळायच्या, घरच्यांनी खायचं ते नंतर. देतो तो देव, राखतो तो राक्षस, हे त्यांचं नेहमीचं वाक्य. आणि मला सगळ्यात आवडते ती गोष्ट अशी की शेजारी कुणी बाई आजारी पडली की या तिच्या घरी स्वयंपाक करायला जायच्या, पण आपल्या घरचा उरकून मग. विन्याने विचारलं, आधी आपलं आणि मग त्यांचं, हा स्वार्थ नाही का गं? तर त्या म्हणाल्या, अरे त्यांना जेवायच्या वेळेला गरम मिळावं म्हणून उशिरा जाते. म्हणजे नुसतं देणं नाही, घेणाऱ्याच्या पानात ते गरम पडतंय का हेही बघायचं.

पुढे 1916 मध्ये बडोद्याला त्यांनी शाळा-कॉलेजची सर्टिफिकेटं चुलीत टाकली. आई म्हणाली, असू देत की, कधी उपयोगी पडतील. पण नोकरी करायचीच नाही हे ठरलेलं होतं, आणि थोड्याच दिवसांत घर सोडून ते काशीला गेले.

आता तुमचा खरा प्रश्न, चालतं का. 1950 च्या सुमाराला पवनारला त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग केला. देणगीवर आश्रम चालला की आपण देणाऱ्याच्या पैशाला बांधले जातो, म्हणून पैशाची देणगी नको, स्वतःच्या हाताने पिकवायचं, कातायचं, आणि शेतीला बैलसुद्धा नाहीत. विहिरीचा रहाट माणसांनीच ओढायचा, त्यात विनोबाही, आणि त्यांना अल्सरचा त्रास होता हे विसरू नका. बाहेरच्यांना द्यायचंच असेल तर सुतांजली द्या म्हणायचे, वर्षातून एकदा स्वतः कातलेली सुताची एक गुंडी, म्हणजे 640 तारांची लड. मी व्हाउचरं तपासणारी बाई, मला ही गुंडी फार मोठी वाटते. कारण नोट कुणाचीही कुणाच्याही खिशातून येते, पण 640 तार काढायला देणाऱ्याला स्वतःलाच बसावं लागतं, त्यात दुसऱ्याचा घाम खपवता येत नाही.

म्हणून मला नाही पटत की ते पैशाला घाबरून पळाले किंवा लोकांपासून लांब गेले. उलट पैसा मधून काढला तर माणूस माणसाला काय देऊ शकतो हे ते बघत होते. आणि ते लगेच दिसलंही. 18 एप्रिल 1951 ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी 80 एकर जमीन मागितली, विनोबांनी गावालाच विचारलं आणि तिथले जमीनदार रामचंद्र रेड्डी उठून म्हणाले, मी 100 एकर देतो. तिथून जी पायपीट सुरू झाली ती तेरा-चौदा वर्षं, गावोगाव एकच मागणं, तुम्हाला पाच मुलं असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. या जमीन मागण्याच्या चळवळीत, म्हणजे भूदानात, बरीच जमीन नापीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही, हे खरं आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं. पण ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याने दारात उभं राहून मागितलं आणि लोकांनी लाखो एकर लिहून दिली, आपल्याकडे एका बांधावरून भाऊ भाऊ कोर्टात जातात हो.

मी पगार सोडलेला नाही, सोडणारही नाही, मुलीचं शिक्षण आहे. पवनारला गेले की धाम नदीच्या काठावर बसते, आश्रमातल्या ताई तूर पाखडत असतात त्यांच्यासोबत मीही पाखडायला सूप हातात घेते, बस.

पण एक गोष्ट आहे जिथे मी दरवेळी अडते. 1918 मध्ये आई गेल्यावर विनोबांनी तिच्या दोनच वस्तू ठेवल्या होत्या, रोजच्या पूजेतली अन्नपूर्णेची मूर्ती आणि एक साडी. ती साडी कितीतरी वर्षं ते उशीला घ्यायचे. मग खादीचं व्रत घेतलं तेव्हा ती खादीची नाही म्हणून त्यांनी ती साबरमतीत सोडून दिली, आणि मूर्तीही पुढे पूजेसाठी दुसऱ्या एका बाईंना दिली. सर्टिफिकेटं जाळणं मला समजतं, नोटा नाकारणं समजतं, पण ही साडी... माझ्या कपाटात आईची जांभळी इरकल साडी आहे, सात वर्षं झाली, मी तिची घडीसुद्धा मोडलेली नाही.